अमेरिकेत बायोकेमिस्ट्रीची पीएचडी: हँडबुकातल्या अटींचा खरा अर्थ

तुझं पत्र मिळालं. एमएस्सी बायोकेमिस्ट्रीचं शेवटचं सेमिस्टर चालू आहे, अमेरिकेत बायोकेमिस्ट्री आणि मॉलिक्युलर बायॉलॉजीत पुढे शिकायचं आहे, आणि तुझे तीन प्रश्न आहेत. आपली एमएस्सी तिथे धरतात का, पदवीसाठी काय काय पूर्ण करावं लागतं, आणि आधी तिथली एमएस (मास्टर्स) करून मग पीएचडीला जाणं बरं का. ताई म्हणून विचारलं आहेस, तर मोकळेपणाने आणि सविस्तर सांगते.

आधी एक काम कर. तुझ्या यादीतल्या प्रत्येक विभागाचं ग्रॅज्युएट हँडबुक शोधून डाउनलोड कर. बहुतेक विभाग ते वेबसाइटवर ठेवतात, तीस-चाळीस पानांची पीडीएफ असते. आपली मुलं रँकिंग पाठ करतात आणि हँडबुक मात्र प्रवेश मिळाल्यावर उघडतात. मीही तसंच केलं होतं. पुढची पाच-सहा वर्षं कोणत्या नियमांखाली काढायची ते त्यात लिहिलेलं असतं, म्हणून ते अर्ज करण्याआधी वाचायचं.

त्यात पहिल्यांदा डोळ्यांत भरतो तो क्रेडिटचा आकडा. पीएचडीला ६० ते ९० क्रेडिट वगैरे दिसतील. घाबरू नकोस. यातला मोठा भाग संशोधनाच्या क्रेडिटचा असतो, म्हणजे लॅबमध्ये काम करत असताना दर सेमिस्टरला नाव नोंदवायचं एवढंच. खरे वर्ग पहिल्या वर्षात आणि थोडे दुसऱ्यात संपतात: प्रोटीनची रचना आणि एन्झाइम कायनेटिक्स, न्यूक्लिक ॲसिड आणि जीन रेग्युलेशन, सेल बायॉलॉजी, स्टॅटिस्टिक्स, शिवाय सेमिनार आणि जर्नल क्लब. जीपीए (चारपैकी सरासरी ग्रेड) ३.० च्या खाली गेला तर बहुतेक ठिकाणी प्रोबेशनवर टाकतात. सी ग्रेड आपल्याला पास वाटते, पण ग्रॅज्युएट कोर्समध्ये बऱ्याच ठिकाणी ती पदवीसाठी धरतच नाहीत.

विषय तुला येत असेल, पण पेपरची पद्धत वेगळी असते. ग्लायकोलिसिसच्या पायऱ्या लिहा, असं कोणी विचारत नाही. एखाद्या शोधनिबंधातली आकृती समोर ठेवतात आणि विचारतात: यावरून लेखकांनी काढलेला निष्कर्ष निघतो का? नसेल तर आणखी कोणता प्रयोग हवा? पहिल्या परीक्षेत मी पाठ केलेलं सगळं उतरवून आले आणि गुण मिळाले ते फक्त कंट्रोलबद्दल, म्हणजे तुलनेसाठी लावायच्या नमुन्याबद्दल, लिहिलेल्या दोन ओळींना. आजपासून सवय लाव. आठवड्याला एक पेपर घे, त्यातला चर्चेचा भाग झाकून ठेव आणि फक्त आकृत्यांवरून निष्कर्ष स्वतः लिहून बघ.

आता एमएस्सी धरतात का याबद्दल. प्रवेशासाठी तिचा उपयोग नक्की होतो. तीन वर्षांची बीएस्सी एकटी अनेक विद्यापीठांना चालत नाही, कारण त्यांची पदवी चार वर्षांची असते. तीन अधिक दोन अशी पाच वर्षं झाली की हा प्रश्न सहसा मिटतो. तिथे पीएचडीला प्रवेश थेट बॅचलर्सनंतरही मिळतो, मास्टर्सची अट नसते. म्हणून एमएस्सी आहे या कारणाने पीएचडीची दोन वर्षं वाचतील अशी आशा धरू नकोस. काही ठिकाणी एक-दोन कोर्स माफ होतात. रोटेशन, क्वालिफायिंग परीक्षा आणि थीसिस यांतून कोणाचीही सुटका नाही.

रोटेशनबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तुझं सगळं त्यावर ठरणार आहे. आपल्याकडे आधी गाइड ठरतो आणि मग रजिस्ट्रेशन होतं. तिथल्या बहुतेक बायोमेडिकल कार्यक्रमांत पहिल्या वर्षी आठ ते दहा आठवड्यांची साधारण तीन रोटेशन करायची असतात, वेगवेगळ्या लॅबमध्ये. त्यानंतर कायमची लॅब निवडायची. हँडबुकात एवढंच वाक्य असतं. त्यात न लिहिलेली गोष्ट अशी की निवड दोन्ही बाजूंनी असते, आणि त्या लॅबकडे तुझा पगार द्यायला पैसे असावे लागतात.

माझं दुसरं रोटेशन मला फार आवडलं होतं. बॅक्टेरियात बनवलेल्या, हिस्टिडिन टॅग (निकेलला चिकटणारी छोटी शेपटी) लावलेल्या एका प्रोटीनचं शुद्धीकरण करायचं होतं. निकेल कॉलम, धुवायला कमी इमिडाझोल, सोडवायला जास्त, मग जेल. पहिल्या जेलवर सुंदर जाड पट्टा आला, मी तो घेऊन धावतच गेले. प्रोफेसरांनी जेल उजेडात धरलं आणि शांतपणे विचारलं, "इंडक्शनच्या आधीचा नमुना कुठे आहे?" इंडक्शन म्हणजे बॅक्टेरियाला ते प्रोटीन बनवायला लावणं; त्याआधीचा नमुना मी लावलाच नव्हता. मग तो पट्टा आमच्या प्रोटीनचा की बॅक्टेरियातल्याच एखाद्या हिस्टिडिनवाल्या प्रोटीनचा, हे सांगायला माझ्याकडे काही नव्हतं. ते रागावले नाहीत, शेजारी बसून पुढच्या जेलच्या दहाही लेनचा आराखडा माझ्याकडून कागदावर काढून घेतला. अशा माणसाकडेच पीएचडी करायची, असं मी मनाशी पक्कं केलं. वर्षाअखेरीस कळलं की त्यांची ग्रँट (संशोधनाचा निधी) संपत आली आहे आणि नवा विद्यार्थी घेता येणार नाही. हे मला सप्टेंबरात कोणी सांगितलं असतं तर मी ते रोटेशन दुसरीकडे केलं असतं. शेवटी हातात तीन आठवडे उरले असताना मला चौथी लॅब शोधावी लागली.

परदेशी विद्यार्थ्याच्या बाबतीत ही गोष्ट आणखी कडक आहे. एनआयएच या अमेरिकन सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या टी३२ ट्रेनिंग ग्रँट आणि एफ३१ फेलोशिप या अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांनाच मिळतात. तुझ्या शेजारच्या बाकावरच्या मुलीचे पैसे तिथून येऊ शकतात, तुझे प्रोफेसरच्या ग्रँटमधून किंवा टीए (टीचिंग असिस्टंट) म्हणून शिकवण्यातून येणार. म्हणून रोटेशन ठरवण्याआधी दोन गोष्टी कर. एनआयएच रिपोर्टर नावाचं सरकारी संकेतस्थळ सर्वांसाठी खुलं आहे, तिथे प्रोफेसरचं नाव टाकलं की त्यांच्या एनआयएच ग्रँट आणि त्यांची मुदत दिसते. ती बघ. आणि त्यांना सरळ विचार, "पुढच्या वर्षी तुमच्याकडे नव्या विद्यार्थ्यासाठी जागा आणि पैसे आहेत का?" तिथे हा प्रश्न उद्धट समजत नाहीत. २०२५ मध्ये संशोधनाच्या सरकारी निधीत गोंधळ झाला तेव्हा काही कार्यक्रमांनी पीएचडीच्या जागा कमी केल्या, दिलेले प्रवेशही काही ठिकाणी मागे घेतले. तेव्हापासून तर हे विचारणं भागच आहे.

मग क्वालिफायिंग परीक्षा. कुठे प्रिलिम म्हणतात, कुठे कॉम्प्रिहेन्सिव्ह, कुठे कँडिडसी. साधारण दुसऱ्या वर्षाच्या शेवटी येते. तू एनआयएचच्या धर्तीवर एक संशोधन प्रस्ताव लिहायचा, पहिलं पान उद्दिष्टांचं, पुढची पानं पद्धतीची, आणि चार-पाच प्राध्यापकांच्या कमिटीसमोर फळ्याजवळ उभं राहून त्याची बाजू मांडायची. काही विभाग थीसिसचाच विषय घेऊ देतात, काही मुद्दाम दुसरा विषय मागतात. हे हँडबुकात बघ, कारण दुसऱ्या प्रकारात तयारी जवळपास दुप्पट लागते.

माझ्या प्रस्तावात एका प्रोटीनवरच्या सेरीनला फॉस्फेट लागला की डीएनएशी बांधणी सुटते, असा मुद्दा होता. सेरीनच्या जागी ॲस्पार्टेट घालून ते दाखवीन असं मी लिहिलं होतं. एका प्राध्यापिकेने विचारलं, "ॲस्पार्टेट खरंच फॉस्फेटसारखं वागतं का?" ॲस्पार्टेटवर एक ऋण भार असतो, फॉस्फेटवर पेशीतल्या पीएचला जवळपास दोन, आणि आकारही वेगळा. हे मला माहीत होतं, पण प्रस्ताव लिहिताना मी त्याचा विचार केला नव्हता. लगेच दुसरा प्रश्न: "बांधणी सुटली म्हणतेस, पण बदलामुळे प्रोटीनची घडीच मोडली नाही कशावरून?" यावर मी सर्क्युलर डायक्रोइझम आणि जेल फिल्ट्रेशन (प्रोटीनची घडी आणि आकार तपासायच्या पद्धती) असं उत्तर दिलं, दोन्हींचे अपेक्षित आलेख फळ्यावर काढले, आणि पुढचा अर्धा तास बरा गेला. निकाल आला: सशर्त पास, पहिलं उद्दिष्ट पुन्हा लिहून द्या. बऱ्याच ठिकाणी नापास झालं तर एक संधी आणखी मिळते, तीही गेली तर मास्टर्सची पदवी घेऊन बाहेर पडावं लागतं. दोन महिने आधी सीनियर मुलांसमोर रंगीत तालीम कर. तिथल्या मुलांना प्रश्न विचारायची सवय असते, ती सोडत नाहीत.

बाकीच्या अटी भराभर सांगते. एक-दोन सेमिस्टर शिकवावं लागतं, आणि टीए होण्यासाठी इंग्रजी परीक्षेतले बोलण्याचे गुण वेगळे बघतात, तेव्हा एकूण गुणांवर समाधान मानू नकोस. जीआरई ही प्रवेशपरीक्षा अनेक विभागांनी सोडून दिली आहे, मागत नसतील तर देऊ नकोस. संशोधनातल्या नीतिनियमांचा कोर्स असतो, एनआयएचच्या अपेक्षेप्रमाणे किमान आठ तासांचा. कमिटीची बैठक वर्षातून एकदा तरी घ्यावीच लागते. ती पुढे ढकलायचा मोह होतो, ढकलू नकोस, कारण गाइडशी मतभेद झाले तर तुझ्या बाजूने बोलणारी माणसं त्याच कमिटीत असतात. शेवटी थीसिस, जाहीर सेमिनार आणि बंद दारामागचा डिफेन्स, म्हणजे कमिटीसमोरची तोंडी परीक्षा. पहिली लेखिका म्हणून तुझं नाव असलेला किमान एक पेपर स्वीकारलेला हवा की नुसता पाठवलेला चालतो, हे विभागानुसार बदलतं, आणि या एका ओळीने कोणाची पदवी वर्षभर लांबू शकते. एकूण पाच ते सहा वर्षं धर. आय-२०, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या कागदाची, मुदत त्याआधी संपत असेल तर ती संपण्यापूर्वी इंटरनॅशनल ऑफिसकडून वाढवून घ्यायची, संपल्यावर नाही.

आता एमएस करून मग पीएचडी. माझं मत स्पष्ट आहे: तुझ्यासाठी नको. पीएचडीत फी माफ असते, स्टायपेंड आणि सहसा आरोग्य विमाही मिळतो. एमएसला बहुतेक वेळा सगळे पैसे आपण भरायचे. साधारण ३० क्रेडिटची ही पदवी, आणि थीसिस नसलेला प्रकार घेतलास तर लॅबमध्ये हात लागेलच असं नाही. उद्योगात नोकरी हेच ध्येय असेल तर गोष्ट वेगळी, कारण पदवीनंतर ओपीटीचे (तिथे काम करायच्या परवानगीचे) १२ महिने आणि एसटीईएमची (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांसाठीची) २४ महिन्यांची वाढ मिळू शकते. पण पीएचडीची पायरी म्हणून कर्ज काढून एमएस करण्यापेक्षा इथेच एखाद्या चांगल्या लॅबमध्ये जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलो) किंवा प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून वर्ष-दीड वर्ष काम कर. तिथल्या प्रमुखांचं शिफारसपत्र मार्कशीटपेक्षा जड असतं, कारण त्यांनी तुला प्रयोग फसल्यावर काय करतेस ते पाहिलेलं असतं.

वेळापत्रक असं: बहुतेक अर्ज डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बंद होतात, जानेवारी-फेब्रुवारीत मुलाखती होतात, आणि निधीसह आलेल्या प्रवेशाला उत्तर द्यायची सर्वमान्य मुदत १५ एप्रिल आहे. त्याआधी कोणी घाई केली तर दडपण घेऊ नकोस, लेखी मुदत माग. शिफारसपत्रांसाठी ऑक्टोबरात विचारून ठेव.

सप्टेंबरअखेरपर्यंत तीन विभागांची हँडबुकं वाचून एका कागदावर एवढं लिहून मला पाठव: रोटेशन किती, परीक्षेचा विषय कोण ठरवतं, नापास झाल्यास काय, पेपरची अट काय, आणि परदेशी विद्यार्थ्याला किती वर्षांची निधीची हमी. सोबत अर्जातल्या स्टेटमेंटचा (स्वतःबद्दलच्या निवेदनाचा) पहिला मसुदाही जोड, कच्चा असला तरी चालेल.