मायनस नंबर असताना चष्मा लावला नाही तर डोळे खराब होतात का?

तुमचं वय 24, नंबर मायनस 2.5, आणि मामा म्हणतात चष्मा सोड, नाहीतर नंबर वाढतच जाईल. म्हणून तुम्ही विचारताय की चष्मा न लावता राहिलं तर डोळ्यांना अपाय होतो का.

नाही होत. या वयात चष्मा लावल्याने नंबर वाढत नाही आणि न लावल्यानेही वाढत नाही. डोकं दुखेल, डोळे थकतील, समोरून येणारा ओळखीचा माणूस दिसणार नाही आणि तो चार ठिकाणी तुम्हाला शिष्ट म्हणेल. डोळ्याच्या आत मात्र काही बिघडणार नाही. तुमचं उत्तर संपलं. पुढचं तुमच्या मामांसाठी आहे, कारण आमच्याकडे हेच मत असलेले मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे मोठे भाऊ, आहेत आणि त्यांच्याशी माझा वाद शाळेपासून चालू आहे.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात. मी आणि मोठेबाबांचा मुलगा, म्हणजे दादा, एकाच जिल्हा परिषदेच्या शाळेत. शाळेत डोळे तपासायला लोक आले तेव्हा तक्त्यावरचं वरचं मोठं अक्षर सोडून दोघांनाही काही वाचता आलं नाही. माझ्या वडिलांनी मला अकोल्याला नेऊन चष्मा करून आणला, काळ्या फ्रेमचा, मागे रबर बांधलेला. मोठेबाबांनी घरात सांगून टाकलं, "चस्मा लावला का डोये आयशी होतात. मंग जल्मभर काढता येत नाई. माह्या पोराले नाई लागत चस्मा-बिस्मा."

आणि मग माझा नंबर वाढायला लागला. दीड, मग सव्वादोन, मग तीन. दर वेळी अकोल्याहून परत आलो की ओसरीवर मोठेबाबांचा एकच प्रश्न, किती झाला? आकडा सांगितला की आल्यागेल्याला ऐकवायचे, "पाह्य, चस्म्यानं वाढवला." माझे वडील गप्प बसायचे. मोठ्या भावापुढे बोलायची आमच्यात रीत नव्हती.

दादाचा नंबर कोणी काढलाच नव्हता, म्हणून तो वाढतही नव्हता! तो पहिल्या बाकावर बसायचा आणि फळ्यावरचं माझ्या वहीतून उतरवायचा. क्रिकेटमध्ये उडालेला कॅच त्याला कधी सापडला नाही. कबड्डीत मात्र तालुक्यात नाव होतं, कारण कबड्डीत माणूस हाताच्या अंतरावर असतो. दर्यापूरच्या स्टँडवर त्याची खरी पंचाईत व्हायची. लांबून अकोला आणि अकोट या दोन पाट्या सारख्याच दिसतात, पहिली दोन अक्षरं तीच आणि तिसरं पुसट. तो मुठीची पुंगळी करायचा, डोळ्याला लावायचा आणि त्या भोकातून पाटी वाचायचा. (हे खरंच चालतं. भोक बारीक असलं की कडेचे किरण कापले जातात आणि चित्र नेमकं होतं. डोळे बारीक करून पाहण्यामागेही हेच आहे. कागदाला सुईने भोक पाडून बघा.) मूठ करायची लाज वाटली त्या दिवशी तो सरळ अकोटच्या गाडीत बसला आणि कंडक्टरने तिकीट विचारल्यावर त्याला कळलं.

पुढे तो भरतीच्या मागे लागला. पहाटे रस्त्यावर धावणं, ग्राउंड, लेखी, सगळं काढलं आणि मेडिकलला डोळ्यांपाशी अडकला. तिथे पहिल्यांदा त्याचा नंबर निघाला. दोन्ही डोळे मायनस 3.5. माझाही तेव्हा साडेतीनच होता.

एक भाऊ सगळं बालपण चष्म्यात, दुसऱ्याने चष्म्याला हात लावला नाही, आणि आकडा एकच. यापेक्षा स्वच्छ पुरावा मला कोणत्या पुस्तकात मिळणार होता? मोठेबाबांनी त्यावर "अभ्यास करकरून झालं असंन" असं सांगितलं. दादाने आणि अभ्यासाने एकमेकांना कधी त्रास दिल्याचं गावात कोणाला आठवत नाही.

मामांना कारण सांगायचं असेल तर असं सांगा. मायनस नंबर म्हणजे डोळ्याचा गोळा मागे लांबलेला असतो. मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे साधारण 24 मिलिमीटर असतो. तो एक मिलिमीटर जास्त लांबला की अडीच-तीनचा नंबर येतो. म्हणजे तुमचा अख्खा नंबर जेमतेम एका मिलिमीटरचा आहे. ही लांबी शाळेच्या वयात वाढते, काही घराण्यातून येते, काही सतत जवळचं पाहण्यातून, आणि बहुतेकांची विशीच्या आसपास थांबते. काच फक्त आलेला किरण डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्यावर नेऊन टाकते. तलाठ्याने पैसेवारी पन्नासच्या आत लिहिली म्हणून पीक बुडत नाही, ते आधीच बुडालेलं असतं. चष्म्याच्या नंबरचंही तेवढंच आहे. "चष्मा लावल्यापासून काढला की काहीच दिसत नाही" हे खरं आहे, पण आधीही तेवढंच दिसत होतं. स्वच्छ कसं दिसतं ते माहीत नव्हतं म्हणून कुरकुर नव्हती.

मुद्दाम कमी नंबरचा चष्मा देऊन पाहण्याचा प्रयोगही झालाय. मलेशियात काही शाळकरी मुलांना पूर्ण नंबरचा आणि काहींना जाणूनबुजून थोडा कमी नंबरचा चष्मा देऊन दोन वर्षं पाहिलं, 2002 साली ते छापून आलं. कमी नंबरवाल्यांचाच नंबर जरा जास्त वाढला. आता प्रामाणिकपणे हेही सांगतो की नंतरच्या अभ्यासांत निकाल सारखे आले नाहीत, आणि चीनमधल्या एका अभ्यासात अजिबात चष्मा न लावणाऱ्या मुलांचा नंबर उलट थोडा कमी वाढला. त्यामुळे पोरांच्या बाबतीत माझ्यासारखं ठणकावून बोलू नये असं डॉक्टर म्हणतात. पण म्हणून फळा न दिसणाऱ्या मुलाचा चष्मा काढून घ्या, असं मला तरी कोणत्याच डॉक्टरने सांगितलं नाही. नंबर लागूच नये म्हणून उपयोगी पडतो तो उजेड. चीनच्या ग्वांगझूमध्ये पहिलीच्या मुलांना रोज 40 मिनिटं जास्त बाहेर ठेवलं, तर तीन वर्षांत 39.5 टक्क्यांऐवजी 30.4 टक्के मुलांना मायनस नंबर लागला. (आपल्याकडे मे महिन्यात हे सकाळी आणि सूर्य कलल्यावरच करा.)

आता मोठेबाबांचं हुकमी पान. "मी सत्तरीचा झालो, बिना चस्म्याचा देशोन्नती वाचतो का नाई?" वाचतात. बारीक जाहिरातींसकट वाचतात. आणि फाटकापाशी कोणीही उभं राहिलं, सख्खा भाऊ असला तरी, ओसरीवरून ओरडतात, "कोन होय रे थो?" दोन आणि दोन जोडा. चाळिशीनंतर जवळचं वाचायला जवळजवळ सगळ्यांना चष्मा लागतो. ज्याला लागत नाही तो बहुतेक वेळा स्वतःच मायनस असतो. शंभरला नंबराने भागलं की किती सेंटिमीटरपर्यंत स्वच्छ दिसतं ते निघतं. तुमच्या अडीचला 40, म्हणजे पेपर धरायचं अंतर. ज्या डोळ्यांच्या जोरावर मोठेबाबा आयुष्यभर चष्म्याला शिव्या देत आले, त्यांनाच नंबर होता, आणि दादाचा-माझा बहुधा त्याच घराण्यातून आलाय. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते पेपर घेऊन आत गेले. मामाही असा पेपर वाचत असतील तर त्यांनाही तपासा. एखाद्या म्हाताऱ्याला आधी वाचता येत नव्हतं आणि आताच अचानक यायला लागलं असेल तर मोतीबिंदू असू शकतो, तेव्हा आनंदाने पेढे वाटू नका.

तर घरी मोबाईल पाहताना, जेवताना चष्मा नाही लावला तरी चालेल. गाडीवर मात्र लावायचाच, त्यात चर्चा नको. आमच्याकडे रात्री रस्त्यावर रोही (नीलगायी) आणि रानडुकरं आडवी येतात, कापसाच्या ट्रॉलीला मागे लाल दिवा नसतो, आणि मायनस अडीचला ते सगळं अंगावर आल्यावर दिसतं.

दोन गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या. एक, वर जे "अपाय नाही" म्हटलं ते मोठ्यांसाठी. लहान मुलाच्या दोन डोळ्यांच्या नंबरात बराच फरक असेल आणि चष्मा दिला नाही, तर मेंदू कमी दिसणारा डोळा वापरणंच सोडतो आणि वयाच्या सात-आठ वर्षांनंतर तो परत आणणं कठीण जातं. दादाच्या मुलीचं हेच निघालं. पहिलीत आहे, आजोबांचा विरोध आहे, आणि ती चष्मा लावते. मुलांचा नंबर डोळ्यात औषध टाकूनच काढून घ्या. त्या दिवशी मुलाला जवळचं धूसर दिसेल, शाळेत पाठवू नका.

दोन, नंबर मायनस सहाच्या पुढे असलेल्यांचा पडदा ताणलेला असतो. डोळ्यासमोर अचानक विजा चमकल्यासारखं झालं, काळे ठिपके एकदम वाढले किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, दुसऱ्या दिवशीच्या एसटीची वाट पाहू नका.