कासचं पाणी, शहापूरचं पाणी आणि एकच पट्टी

प्रश्न : मी साताऱ्यात मंगळवार पेठेत राहते. आम्हाला पालिकेची वर्षाची ठोक पाणीपट्टी येते, मीटर नाही. घरात आम्ही दोघंच. शेजारच्या घरात दहा माणसं, त्यांनाही तेवढीच पट्टी. उन्हाळ्यात पाणीकपात झाली तरी रक्कम कमी होत नाही. उपनगरातल्या माझ्या नणंदेला मात्र जीवन प्राधिकरणाचं मीटरचं बिल येतं. हा आकडा ठरवतं कोण आणि कशावरून? आम्ही बोलायचं कुठे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, नणंदेचं बिल आधी बाजूला काढू. जीवन प्राधिकरण राज्य सरकारच्या अखत्यारीतलं. त्याचा हजार लिटरचा दर राज्याच्या पातळीवर ठरतो, पालिकेच्या सभेचा त्यात संबंध नाही. तुमची पट्टी मात्र पालिकेच्या ठरावाने ठरते.

मी नोकरीभर एका नगरपालिकेच्या लेखा विभागात हेच कागद तयार केले. (कोणत्या, ते विचारू नका. कागद सगळीकडे सारखेच.) लोकांना वाटतं, हजार लिटरला काय खर्च येतो ते काढून दर लावत असतील. तसं क्वचित घडतं. थंडीत अर्थसंकल्पाची जुळवाजुळव सुरू झाली की आधी खर्चाची बाजू लिहायची : वीजबिल, तुरटी, क्लोरीन, पंपांची दुरुस्ती, पगार. समोर गेल्या वर्षीची वसुली. मधे तूट दिसते. पाणीपुरवठ्याचा अभियंता म्हणतो, पट्टी वाढवा. सभागृहातून उत्तर येतं, निवडणूक तोंडावर आहे, पुढच्या वर्षी बघू. मग तूट घरपट्टीच्या पैशातून किंवा अनुदानातून भरायची. असं वर्षानुवर्षं ढकललं की एके वर्षी दणदणीत वाढ येते आणि मोर्चा निघतो. निवडून आलेली सभा नसते तेव्हा हे अधिकार प्रशासकाकडे जातात. त्याला मतं मागायची नसतात, तेव्हा तो धाडस करील असं वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. बदलीच्या तोंडावर वाद कोण अंगावर घेणार?

साताऱ्यात आणखी एक गुंता आहे, आणि मला तो फार आवडतो. कासचा तलाव डोंगरावर, शहराच्या कितीतरी वर. पूर्वी त्याचं पाणी उघड्या पाटाने यायचं, आता जलवाहिनीतून सांबरवाडीला शुद्ध होऊन खाली येतं. उतारानेच येत असल्याने उपशाच्या विजेचा प्रश्न नाही. शहापूर योजनेचं पाणी मात्र उरमोडी नदीतून उपसून चढवावं लागतं, आणि पाणीपुरवठ्याच्या वीजबिलाचा मोठा भार तिथेच. दोन्ही पाण्यांना येणारा खर्च वेगळा, पट्टी एक. म्हणजे कासच्या उताराचा फायदा शहापूरच्या पंपांना मिळतो. मला यात वावगं काही दिसत नाही. कासचं पाणी पिणाऱ्या पश्चिमेकडच्या पेठांच्या मालकीचा तो तलाव काही नाही.

आता दोघं आणि दहा. ठोक पट्टी माणसांवर बसत नाही, नळजोडावर बसते. घरगुती की व्यापारी, अर्धा इंची की पाऊण, एवढंच बघतात. हा अन्याय आहे, याबाबत मी तुमच्या बाजूने आहे. मीटर हवेत. फक्त एक सांगून ठेवतो : तासभर पाणी सोडून बंद करण्याच्या पद्धतीत सुरुवातीला नळातून हवा येते आणि त्या हवेनेही मीटर फिरतो. मीटर हवे असतील तर आधी पाण्याच्या वेळा वाढायला हव्यात.

कपातीत पट्टी का उतरत नाही? तलाव आटला म्हणून पगार थांबत नाहीत, गळक्या वाहिन्यांची दुरुस्तीही थांबत नाही. शिवाय नगरपालिका कायद्यात पाणीपट्टी कर म्हणून येते. कराच्या बदल्यात तेवढ्याच मोलाची सेवा मोजून देण्याचं बंधन नसतं, शुल्काचं तसं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली शिरूर मठाच्या खटल्यात हा फरक मांडला. तुम्हाला हे पटणार नाही. मलाही फारसं पटत नाही, पण ‘पाणी नाही तर पट्टी नाही’ म्हणून थकवलीत तर व्याज आणि नोटीस तुमच्याच दारात येईल.

बोलायचं असेल तर पट्टी भरण्याच्या खिडकीवर बोलून उपयोग नाही, तिथला कारकून फक्त पावती फाडतो. चालू अर्थसंकल्पातलं पाणीपुरवठ्याचं पान आणि मागणी-वसुलीचा तक्ता मागा. दहा रुपयांच्या माहिती अधिकार अर्जावर मिळतो. त्यात वीजबिल बघा आणि त्याहून आधी थकबाकी बघा. आमच्याकडे घरगुती नळधारक मार्चअखेर रांग लावून भरायचे आणि मोठ्या थकबाकीदारांची नावं तक्त्यात वर्षानुवर्षं तशीच राहायची. तुमच्याकडे तसंच निघालं, तर दरवाढीआधी ती वसुली करा, असं लेखी पत्र नगरसेवकाला आणि मुख्याधिकाऱ्यांना द्या, पोच घ्या. अर्ज डिसेंबरमध्येच टाका. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते, आणि अर्थसंकल्पाची सभा होऊन गेल्यावर तो कागद हाती आला तर वर्षभर वाट बघावी लागेल.