स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स हे गोल्फचं मैदान फोटोत माळरान दिसतं. पुण्यातल्या हिरव्यागार कोर्सवर खेळणाऱ्याला तिथे वेगळं काय मिळेल, आणि तयारी काय करावी?

माळरानच आहे ते. समुद्रकाठची वाळू आणि वर बारीक फेस्क्यू गवत. पाणी लगेच मुरतं, जमीन टणक राहते आणि चेंडू पडल्यावर पळत सुटतो. आपल्याकडे पावसाळ्यात चेंडू पडेल तिथेच बसतो, म्हणून आपल्याला सगळं हवेतून खेळायची सवय. तिथे निम्मा खेळ जमिनीवरून.

पहिली अडचण येते ती वेजची, म्हणजे जवळून चेंडू उंच उडवायच्या काठीची. मऊ जमिनीसाठी घेतलेल्या 12-14 अंश बाउन्सच्या (तळाच्या उताराचा कोन) वेजचा तळ टणक जमिनीवर आपटून उसळतो, पुढची धार चेंडूच्या पोटात बसते आणि चेंडू ग्रीनपलीकडे (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतापलीकडे) जातो. 6-8 अंशांचा वेज न्या. त्याहून बरं म्हणजे ग्रीनबाहेर 30 यार्डांपर्यंत पुटर (चेंडू जमिनीवरून ढकलायची काठी) वापरा. मध्ये उंचवटा असेल तर 8 नंबरचा आयर्न (लोखंडी पात्याची काठी) घ्या: चेंडू मागच्या पायाजवळ, वजन पुढच्या पायावर, मनगट न मोडता पुटसारखा फटका, पहिला टप्पा ग्रीनच्या अलीकडे. जायच्या आधी महिनाभर, कोरड्या दिवसांत, कापलेल्या फेअरवेवरून (ग्रीनकडे जाणाऱ्या मधल्या पट्ट्यावरून) रोज 20 चेंडू असे खेळा.

वाऱ्याचा ढोबळ हिशेब: समोरून ताशी 1 मैल वाऱ्याला अंतर 1 टक्का वाढवा, मागून असेल तर अर्धा टक्का कमी करा. म्हणजे 150 यार्ड, समोरून 15 मैल, तर फटका साधारण 172 यार्डांचा. दोन क्लब मोठा (जास्त लांब मारणारी काठी) घ्या आणि हळू फिरवा. जोर लावला की फिरकी वाढते, चेंडू वर चढतो आणि तिथेच मरतो.

ग्रीन मात्र अजब! 14 होल 7 जोडग्रीनवर (दोन होलना मिळून एक ग्रीन) आहेत, जोडीतल्या आकड्यांची बेरीज नेहमी 18 (2 आणि 16, 5 आणि 13). चुकीच्या टोकाला पडलात तर पुट 30-40 यार्डांचा. 17व्या होलला ग्रीनमागचा रस्ता खेळातच धरतात, डांबरावरून फुकट सुटका नाही. तिथे कमी पडलेलं परवडतं.

112 बंकर (वाळूचे खड्डे) आहेत, त्यातले बरेच टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरून, दिसत नाहीत. भिंत उभी असेल तर हिरोगिरी नको, आडवा किंवा मागे काढा.

बुकिंग नसेल तर दोन दिवस आधी सोडतीत नाव घाला, हँडिकॅपचा (खेळाचा दर्जा सांगणारा आकडा) पुरावा जवळ ठेवा. रविवारी कोर्स सहसा बंद असतो, गावकरी कुत्री घेऊन फिरतात. तुम्हीही 18व्या ग्रीनकडून उलटे चालत जा. पूर्वी हा कोर्स उलट्या दिशेनेही खेळत, त्यामुळे टीवरून लपणारे बंकर त्या बाजूने स्पष्ट दिसतात.