वाचकांचे प्रश्न : नोकरी सोडायला दोन वर्षं आणि बाजार पडतोय

प्रश्न : माझं वय ४७. ४९व्या वर्षी नोकरी सोडायचं ठरवलं आहे. वर्षाच्या घरखर्चाच्या २५ पट पुंजी जमली होती. त्यातली २० पट इक्विटीत (शेअर बाजारातल्या गुंतवणुकीत), ५ पट ठेवींत. तीन महिन्यांत माझी इक्विटी २० टक्के पडली. दिवसातून दहा वेळा मोबाइलवर आकडे बघतो, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. सगळं विकून मोकळा होऊ का?

उत्तर : सगळं विकू नका. पण ‘बाजार वर येतोच, धीर धरा’ एवढ्यावर तुमची बोळवण करणंही बरोबर नाही. तिशीतल्या माणसाला घसरण म्हणजे स्वस्तात खरेदी. तुम्ही मात्र लवकरच विकणाऱ्यांच्या रांगेत येणार आहात.

फरक कुठे पडतो पाहा. पुंजी १००, दर वर्षाच्या सुरुवातीला ५ काढायचे. तीन वर्षांचा परतावा उणे ३०, मग १०, मग ३० टक्के आला, तर शेवटी ८१.४ उरतात. हेच आकडे उलट्या क्रमाने आले, तर ८७.७. काहीच काढलं नसतं, तर दोन्हीकडे १००.१. पडत्या भावात विकलेली युनिट्स (फंडातले तुमचे हिस्से) पुढच्या तेजीत तुमच्याकडे नसतात, म्हणून तो खड्डा भरत नाही. नोकरी सोडण्याच्या आगेमागची काही वर्षं नाजूक असतात ती यामुळेच.

आता तुमचा हिशेब. इक्विटी २० वरून १६ वर आली, ठेवींतले ५ जागेवर आहेत. म्हणजे आज राजीनामा दिलात, तरी साधारण पाच वर्षं एकही युनिट विकायची वेळ येणार नाही. हा आकडा कागदावर लिहून ठेवा. मोबाइलवरच्या लाल आकड्यापेक्षा तो जास्त कामाचा आहे. पाच वर्षं पुरतील का? अमेरिकेचा एस अँड पी ५०० निर्देशांक २०२० मध्ये महिनाभरात सुमारे ३४ टक्के पडला आणि ऑगस्टमध्ये नव्या उच्चांकावर गेला. मात्र ऑक्टोबर २००७ चा उच्चांक त्याला पुन्हा दिसला तो २०१३ मध्ये. जपानच्या निक्केई निर्देशांकाला तर १९८९ ची पातळी ओलांडायला २०२४ उजाडलं. म्हणून सगळी इक्विटी एकाच देशात किंवा एकाच क्षेत्रात अडकवू नका.

खरी अडचण घसरण नाही. २१ पट पुंजीतून वर्षाचा खर्च काढायचा म्हणजे ४.८ टक्के उचल. अमेरिकी आर्थिक सल्लागार विल्यम बेंगन यांनी १९९४ मध्ये मांडलेला ४ टक्क्यांचा प्रसिद्ध नियम (पहिल्या वर्षी पुंजीच्या ४ टक्के काढायचे, पुढे ती रक्कम महागाईप्रमाणे वाढवायची) अमेरिकी आकड्यांवर आणि ३० वर्षांसाठी होता. तुम्हाला चाळीसहून अधिक वर्षं काढायची आहेत; तिथे ३.५ टक्के, म्हणजे सुमारे २९ पट, हे आमच्या मते सावध गणित. घसरणीआधीच्या २५ पटीही थोड्या तोकड्याच होत्या. बाजाराने ते फक्त उघडं पाडलं.

ही तूट भरायचे मार्ग तुमच्या हातात आहेत. खर्च १० टक्के कमी केला, तर २१ पटींच्या त्याच क्षणी २३.३ पटी होतात. एक वर्ष जास्त नोकरी केली आणि त्यात अर्ध्या वर्षाच्या खर्चाएवढी बचत झाली, तर फरक दीड पटीचा पडतो, कारण त्या वर्षीची उचलही वाचते. आणि सर्वांत जोरकस उपाय म्हणजे अर्धवेळ काम : ४० टक्के खर्च त्यातून निघाला, तर उचल थेट २.९ टक्क्यांवर येते.

ठेवींची मांडणीही तपासा. एका वर्षाचा खर्च हाताशी. पुढच्या चार वर्षांचा दर वर्षी एक याप्रमाणे मुदत संपणाऱ्या ठेवींत किंवा चांगल्या दर्जाच्या अल्पमुदतीच्या रोख्यांत (सरकारला किंवा कंपनीला दिलेल्या, व्याज देणाऱ्या कर्जांत). इथे लोक हमखास चुकतात : जास्त व्याजासाठी लांब मुदतीचे रोखे घेतात. व्याजदर चढले की त्यांचे भाव पडतात. २०२२ मध्ये अमेरिकेत शेअर आणि रोखे एकदमच पडले होते.

८० टक्के इक्विटी तुमच्या टप्प्याला जास्तच होती. घसरणीनंतरही ती ७६ टक्के आहे. यापुढची सगळी बचत ठेवींकडे वळवा. एवढ्याने प्रमाण ६५ टक्क्यांच्या आसपास आलं नाही, तर उरलेला भाग तीन-तीन महिन्यांनी चार हप्त्यांत हलवा. तारखा आधीच ठरवा आणि त्या दिवशी भाव काहीही असो, व्यवहार करा. करही मोजा. एका दिवसात बाहेर पडणाऱ्याला परत कधी शिरायचं हा दुसरा निर्णय घ्यावा लागतो, आणि तो बहुतेकांचा चुकतो : मोठ्या उसळ्या अनेकदा सर्वांत वाईट दिवसांच्या आसपासच येतात.

ॲप मोबाइलवरून काढून टाका. तिमाहीतून एकदा संगणकावर बघा.

प्रश्न : निवृत्तीला तीन वर्षं आहेत. पडत्या बाजारात इक्विटीतली दरमहाची गुंतवणूक थांबवावी का?

उत्तर : बचत थांबवू नका, ती कुठे जाते एवढंच तपासा. सुरक्षित बाजूला चार वर्षांचा खर्च नसेल, तर ती भरेपर्यंत हप्ता तिकडे. ती भरलेली असेल, तर इक्विटीतला हप्ता चालू ठेवा. मात्र कर्ज काढून किंवा आणीबाणीची शिल्लक मोडून ‘स्वस्तात’ घेण्याच्या फंदात पडू नका.