कपाटामागची भिंत आधी जपा, मग घर दुरुस्त करा

प्रश्न : जानेवारीत आम्ही साठ वर्षं जुनं बैठं घर विकत घेतलं. पाहायला गेलो तेव्हा भिंती नुकत्याच रंगवलेल्या होत्या, घरभर उदबत्तीचा घमघमाट होता. मालक एवढंच म्हणाले, "जुनं घर आहे, पावसात थोडी ओल येणारच." जुलैत पश्चिमेच्या दोन खोल्यांत पाणी झिरपलं आणि पंधरा दिवसांत भिंती बुरशीने काळ्या पडल्या. मालकांनी "असू द्या तुम्हाला" म्हणून मागे ठेवलेलं मोठं कपाट सुताराने हलवलं, तर त्याचा मागचा प्लाय कुजलेला आणि त्यामागची भिंत रंगवलेलीच नाही. छताची एक तुळई बोटांनी चुरडते. दुरुस्तीचा अंदाज साडेअकरा लाखांचा आहे. सोमवारी गवंडी गिलावा उतरवायला येतोय. दीर म्हणतात पोलिसांत जा, शेजारी म्हणतात ग्राहक आयोगात जा. मालकांकडून पैसे मिळतील का?

उत्तर : मिळू शकतात, पण त्यासाठी सोमवारचं काम आधी थांबवा. तुमचा सगळ्यात चांगला साक्षीदार ती भिंत आहे आणि गवंडी तिलाच पाडायला येतोय.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार मिळकतीत मोठा दोष असेल, विकणाऱ्याला तो माहीत असेल, घेणाऱ्याला माहीत नसेल आणि साधारण काळजी घेऊनही तो दिसण्यासारखा नसेल, तर विकणाऱ्याने तो सांगायलाच हवा. न सांगणं ही फसवणूक ठरते, असं त्याच कलमात लिहिलंय. म्हणजे भांडण ओल आहे की नाही याचं नाही. ओल तर सगळ्यांना दिसतेय. मालकाला काय माहीत होतं आणि तुम्हाला ते दिसणं शक्य होतं का, यावर तुमचं प्रकरण उभं राहील किंवा पडेल.

म्हणूनच ते कपाट मला लाखमोलाचं वाटतं. ते पुन्हा जागेवर सरकवून व्हिडिओ काढा. रंग न लावलेला चौकोन आणि कपाटाचा आकार जुळला, तर सगळी खोली रंगवताना कपाट जागचं हललं नव्हतं हे दिसेल. त्या चौकोनात जुन्या पाण्याच्या रेघा असतील, तर डाग यंदाच्या पावसाचे नाहीत हेही बोलता येईल. मग स्थापत्य अभियंत्याकडून वीतभर जागा थराथराने खरवडून घ्या : नवा रंग, नवी पुट्टी, तिच्याखाली काय निघतं? पुट्टीखाली जुना काळा डाग निघाला, तर तो झाकला गेला होता हे सांगायला वकील लागत नाही. प्रत्येक थराचा फोटो मोजायची टेप लावून काढा. गिलाव्याचा आणि तुळईचा तुकडा कागदी पाकिटात ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, आत घाम धरून बुरशी आणखी वाढते. पाकिटावर तारीख, खोली आणि तुमची व अभियंत्याची सही. मास्क लावल्याशिवाय यातलं काहीही करू नका. ज्या मोबाइलवर फोटो काढाल तो विकू किंवा पुसू नका, कारण कोर्टात फोटो दाखल करताना ते कोणत्या यंत्रावर काढले हे सांगणारं, भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं.

पाहणीच्या आधी मालकांना नोंदणी केलेल्या स्पीड पोस्टाने कळवा : अमुक दिवशी, अमुक वाजता आमचे अभियंते येणार आहेत, तुम्हीही तुमचा माणूस घेऊन या, त्यानंतर आम्ही दुरुस्ती सुरू करू. बहुधा ते येणार नाहीत. न आलेलं बरंच. उद्या "पुरावा नष्ट केला" म्हणायला त्यांना तोंड राहणार नाही.

पण हे सगळं आठ-दहा दिवसांत आटपा. दावा चालू आहे म्हणून घर दोन पावसाळे तसंच गळत ठेवणारे लोक मी पाहिलेत. करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७३ नुसार भरपाई ठरवताना नुकसान आवरायला तुमच्या हातात काय उपाय होते हेही पाहिलं जातं. तुम्ही हातावर हात ठेवून बसलात, तर वाढलेलं नुकसान तुमच्या माथी. छतावर ताडपत्री टाकणं, तुळईला टेकू देणं यासाठी तर आजही थांबू नका. आधी फोटो, मग टेकू, एवढाच क्रम पाळा.

आता मालकांची बाजू. ते दोन गोष्टी म्हणतील. पहिली : "ओल येते हे मी सांगितलं होतं." यावर आपलं उत्तर असं की थोडी ओल येणं वेगळं आणि तुळई कुजणं वेगळं. उलट, हलकी गोष्ट सांगून जड गोष्ट गिळली, असाही त्याचा अर्थ निघतो. दुसरी : "मिळकत प्रत्यक्ष पाहून, समाधान झाल्यावर खरेदी केली" हे वाक्य. बहुतेक खरेदीखतांत असतं, तुमच्यातही असेल. कलम ५५ करारात वेगळं ठरलं नसेल तरच लागू होतं, त्यामुळे तो कागद मला शब्दन् शब्द वाचावा लागेल. माझ्या मते, न दिसणाऱ्या आणि मुद्दाम झाकलेल्या गोष्टीचं समाधान झालं होतं असं त्या वाक्यातून वाचता येत नाही. पण हा सोपा मुद्दा आहे असं म्हणणार नाही. गृहकर्ज घेतलं असेल तर बँकेच्या मूल्यांककाचा अहवालही मागवा. त्यात "ओल आढळली" असं लिहिलेलं निघालं, तर ते मालकांच्या वकिलाच्या आधी मला कळलेलं बरं.

शेजारी पूर्वी काय पाहिलं ते सांगायला तयार आहेत का, हे आत्ताच विचारा. दावा लागल्यावर शेजाऱ्यांची स्मरणशक्ती अधू होते.

घर परत करून सगळे पैसे मागायचे की घर ठेवून भरपाई घ्यायची, हे दुरुस्तीआधी ठरवा. तुळया बदलून, फरशी घालून, वर्षभर राहून मग "व्यवहार रद्द करा" म्हटलं तर ऐकून घेतलं जाणं कठीण. तुमच्या पत्रावरून तुम्हाला घर हवंय असं दिसतं. मग भरपाईचा दावा. त्यासाठी अंदाजपत्रकाचे तीन भाग करून घ्या : लपवलेल्या दोषामुळे आलेला खर्च, घराच्या वयामुळे कधीतरी करावाच लागला असता तो, आणि तुमच्या हौसेचा. साडेअकरा लाख एकगठ्ठा मागितले तर पहिला प्रश्न येईल, "जुन्या घराच्या बदल्यात नवं कसं मागता?" दुरुस्तीच्या काळात भाड्याने राहावं लागलं तर त्या पावत्या पहिल्या भागात.

ग्राहक आयोगाचा रस्ता इथे नाही. एका माणसाने दुसऱ्याला आपलं राहतं घर विकलं, यात "सेवा" नाही. दावा दिवाणी न्यायालयात. दुरुस्तीचं कंत्राट घेणारा मात्र सेवा देतो; त्याने काम बिघडवलं तर आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. म्हणून त्याच्याशी लेखी ठरवा, भिंत पूर्ण सुकल्याशिवाय रंग नाही आणि शेवटचा हप्ता पुढचा पावसाळा पाहून.

दिरांना सांगा, पोलीस पळून जात नाहीत. सुरुवातीपासून फसवायचाच हेतू होता हे दाखवावं लागतं, आणि आज हातात काही नसताना गेलात तर "दिवाणी बाब आहे" म्हणून परत पाठवतील. अभियंत्याचा अहवाल आल्यावर पुन्हा विचार करू.

दिवाणी दावा लावायची मुदत तीन वर्षांची. फसवणूक असेल तर ती कळल्यापासून, किंवा नीट लक्ष दिलं असतं तर कळली असती तेव्हापासून मोजतात. तुमच्या बाबतीत कपाट हललं ती तारीख महत्त्वाची. सुताराच्या पावतीवर ती आहे का पाहा. नसेल तर आजच त्याच्याकडून लिहून घ्या. आणि ते कपाट भंगारवाल्याला देऊ नका.