ज्योत पेटवण्याआधी आणि विझवल्यानंतर

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. विद्यापीठाच्या काचकाम विभागात रुजू झालीस, हे वाचून फार आनंद झाला. नळी वाकवताना चुण्या पडतात, फुगा एका बाजूला झुकतो, हात कधी बसणार, असं विचारलंयस. हात बसेल. दोन्ही हातांनी नळी एकाच वेगात फिरवायचा सराव रोज कर, भंगारातल्या नळ्या त्यासाठी वापर. त्याबद्दल पत्रातून फार काही शिकवता येत नाही. मला लिहायचंय ते बर्नर पेटवायच्या आधीच्या आणि विझवल्यानंतरच्या कामाबद्दल. आपल्याकडे येतं ते बहुतेक प्रयोगशाळेतल्या काचेच्या उपकरणांच्या दुरुस्तीचं काम, आणि दुरुस्ती टिकते की फसते हे बरंचसं तिथेच ठरतं.

फुटलेली वस्तू टेबलावर आली की आधी विचार, यात काय होतं? ‘धुतलंय मॅडम’ एवढ्या उत्तरावर थांबू नकोस. ईथर किंवा ॲसिटोन राहिलं असेल तर ज्योतीजवळ भडका उडतो. पारा राहिला असेल तर त्याची वाफ दिसत नाही, वासही येत नाही, आणि आपण तर तोंडाने फुंकणारी माणसं. फुंकायच्या रबरी नळीतून श्वास कधीही आत ओढायचा नाही. नीट धुतलेली आणि ओव्हनमध्ये कोरडी केलेली वस्तूच घ्यायची, मग ती घेऊन विभागप्रमुख स्वतः आले तरी.

मग काच कोणती ते बघ. बोरोसिलिकेट, म्हणजे प्रयोगशाळेतली उष्णता सोसणारी काच, तापल्यावर जितकी प्रसरण पावते, त्याच्या जवळपास तिप्पट साधी सोडा काच, म्हणजे बाटल्या-खिडक्यांची काच, पावते. या दोन जोडल्यास तर जोड गरम असताना छान दिसेल आणि गार होताना तडकेल. ओळखायची जुनी रीत आहे. दोन्ही काचांचे तुकडे ज्योतीत शेजारी शेजारी चिकटव आणि ओढून केसासारखा धागा काढ. धागा सरळ राहिला तर काच एकाच जातीची, वाकला तर वेगळी. तुकडा काढायला जागा नसेल तर वस्तूचं टोक ग्लिसरीनमध्ये बुडव. बोरोसिलिकेट काचेचा आणि ग्लिसरीनचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचं माप, दोन्ही १.४७ च्या आसपास, त्यामुळे काच जवळजवळ दिसेनाशी होते. सोडा काच दिसत राहते. आपलं करडईचं तेलही या कामाला चालतं, फक्त नंतर त्याचा थेंबही काचेवर राहू देऊ नकोस.

काही कामं नाकारायलाही शीक. ज्या फ्लास्कमध्ये गरम कॉस्टिक सोडा वर्षानुवर्षं उकळलाय, त्याची काच आतून खाल्लेली असते. ज्योत लागली की ती पांढुरकी, खरखरीत होते आणि जुळून येत नाही. निर्वाताला लावायच्या, म्हणजे आतली हवा काढून घ्यायच्या फ्लास्कवर खोल ओरखडा असेल तर तो मला नको, असं स्पष्ट सांग. ब्युरेटचं, म्हणजे द्रव मोजून सोडायच्या नळीचं, मोडलेलं टोक जरूर बदल, पण खुणा असलेल्या भागाला ज्योत लावू नकोस, नाहीतर तिचं माप विश्वासाचं राहणार नाही. बीकर तर दुरुस्तीला घेऊच नये, नवा स्वस्त पडतो.

सॉक्सलेटला, म्हणजे द्रावक पुन्हा पुन्हा फिरवून तेल-चरबी काढायच्या काचेच्या उपकरणाला, मात्र कधी नाही म्हणू नकोस. फ्रांत्स फॉन सॉक्सलेट यांनी १८७९ मध्ये दुधातली चरबी मोजायला हे उपकरण काढलं. आज आपल्याकडे सोयाबीन, करडई, सरकी यांचं तेल काढणारी पोरं तेच वापरतात. एका संशोधक विद्यार्थ्याचं काम त्या एका नगावर अडलेलं असतं. मोडते ती बहुधा बाजूची बारीक सायफनची नळी, साचलेलं द्रावक आपोआप खाली उतरवणारी. दिसायला किरकोळ, पण दुरुस्ती अवघड, कारण ती नळी वर आणि खाली दोन्हीकडे जोडलेली, शेजारी वाफेची जाड नळीही तशीच. एका बाजूला ज्योत लावलीस की ती बाजू लांबते, दुसरी गार बाजू तिला धरून ठेवते आणि न मोडलेला जोड तडकतो. म्हणून आधी ऑक्सिजन बंद ठेवून नुसत्या गॅसच्या मऊ पिवळ्या ज्योतीने अख्खं अंग शेक. मग बारीक टोकदार ज्योत घे. एक जोड झाला की लगेच बाजूला ठेवू नकोस, पुन्हा सगळं शेकून मग दुसरा. आणि मापं विसरू नकोस. सायफनचा माथा वाफेच्या नळीच्या तोंडापेक्षा खालीच हवा, नाहीतर द्रावक सायफनने उतरायच्या आधी वाफेच्या वाटेने सांडेल. नळीचं भोक मोठं केलंस तर द्रव एकदम न उतरता थेंब थेंब गळत राहील. दिसायला सुबक आणि कामाला निरुपयोगी सॉक्सलेट फार मिळतात. गार झाल्यावर पाणी ओतून ते सपकन रिकामं होतं का, हे बघितल्याशिवाय देऊ नकोस.

आता ज्योत विझल्यानंतरचं. जोड झाला, चकचकीत दिसतोय, विद्यार्थी दारात उभा आहे, उद्या गाइडला दाखवायचंय म्हणतोय. तरी देऊ नकोस. एक बाजू आधी गार झाली, दुसरी मागून, की आतल्या आत ताण कोंडून राहतो, जाड-पातळ थापलेली भाकरी एकीकडे करपते नि एकीकडे कच्ची राहते तसंच हे. ती वस्तू आज टिकेल आणि आठवड्याने रात्री प्रयोगशाळेत कुणीही हात न लावता फुटेल. आत उकळतं द्रावक असेल तेव्हा काय होईल, तूच विचार कर. म्हणून बोरोसिलिकेट भट्टीत ५६० अंश सेल्सिअसला साधारण अर्धा तास ठेव, जाड कामाला जास्त, मग ५०० च्या खाली येईपर्यंत अगदी हळू उतरव. पुढे भट्टी बंद करून दार न उघडता रात्रभर राहू दे. मध्येच वीज गेली तर घाबरून दार उघडू नकोस; बंद भट्टी आपोआप हळूहळूच निवते. वीज आली की चक्र पहिल्यापासून लाव.

ताण डोळ्याला दिसत नाही, पण बघता येतो. काचेतला ताण दाखवणारा पोलारिस्कोप मागवून घे. येईपर्यंत लॅपटॉपवर पांढरं पान उघड, पोलरॉइड गॉगल डोळ्यासमोर धरून पडदा काळा होईपर्यंत फिरव, आणि मध्ये काच धर. ताण असेल तिथे उजळ पट्टे दिसतील. दर वस्तू देण्याआधी हे कर, आणि विद्यार्थ्यालाही दाखव. का थांबायचं ते एकदा बघितलं की तो घाई करत नाही.

उन्हाळ्याची तयारी आत्ताच करून ठेव. मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो आणि ज्योतीसमोर पंखा लावता येत नाही. वाऱ्याने ज्योत हलते, तापलेल्या काचेला झोत लागला तर ती तडकते. मोठी कामं सकाळी सातला घे. डिडिमियमचा चष्मा रोज घाल, तापलेल्या काचेतून येणारा सोडियमचा पिवळा झगमगाट तो अडवतो. पण क्वार्ट्झच्या कामाला तो पुरत नाही, तिथे वेल्डिंगची गडद काच लागते. जुन्या कपाटात ॲस्बेस्टॉसचे पत्रे असतील तर ते कापू किंवा झाडू नकोस, विद्यापीठाला लिहून ते रीतसर हलवायला सांग.

हे काम पुण्या-मुंबईकडचं, मराठवाड्यात त्याचं काय, असं कुणी म्हणेल. त्यांना धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला घेऊन जा. तिथल्या लामतुरे संग्रहालयात जुन्या काळातले काचेचे मणी ठेवले आहेत.

एक वही ठेव. काय आलं, कुठे फुटलं, आत काय होतं, कोणती काच, किती वेळ भट्टीत, कोणाला दिलं. नाहीतर आपलं काम विसरलं जातं. केंब्रिजमध्ये जे. जे. थॉमसन यांनी १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन शोधला, त्यांच्या प्रयोगाच्या काचनळ्या एबेनेझर एव्हरेट नावाच्या सहाय्यकाने फुंकल्या होत्या. एव्हरेटचं नाव किती जणांना ठाऊक आहे? प्रबंधाच्या ऋणनिर्देशात तुझं नाव यावं, असं विद्यार्थ्याला बिनदिक्कत सांग. तो तुझा हक्क आहे.

स्टोअरमध्ये कोणत्या व्यासाच्या नळ्या आणि किती बी-१९, बी-२४ जॉइंट (एकात एक घट्ट बसणारी घासलेली तोंडं) शिल्लक आहेत, त्याची यादी मला पाठव. तसंच पहिल्या सॉक्सलेटचं मापासकट चित्र काढून पाठव, म्हणजे सायफनचा माथा कुठे घ्यायचा ते त्यावरच खूण करून देतो.

तुझा,
काका