काढ्यांची पिशवी डॉक्टरांपुढे ठेव

आईचे कॅन्सरवरचे केमो गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी इस्पितळात सुरू होणार कळले की फोंड्यापासून पेडण्यापर्यंतचे नातेवाईक गुळवेल, हळदीच्या कॅप्सूल, कुठल्याशा वैदूची पुडी घेऊन दारात उभे राहतील. वाद घालू नकोस. घे, आणि सगळे एका पिशवीत भरून पुढच्या तपासणीला डॉक्टरांपुढे ठेव. रागावतील म्हणून लोक लपवतात, नि खरा घोटाळा तिथेच होतो.

'झाडपाल्याचे आहे, बाधणार नाही' यावर विसंबू नकोस. गुळवेलीने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केल्या. केमोच्या बऱ्याच औषधांचा भार यकृतावरच पडतो, त्यात भर कशाला? चवथीला गणपतीवरच्या माटोळीला, म्हणजे फळापानांच्या छताला, बांधतो ते पपनससुद्धा काही औषधांचे रक्तातले प्रमाण वाढवू शकते. आईच्या औषधांत तसले काही आहे का, विचार. धातूच्या भस्माची पुडी तर नकोच. आमटीतली हळद मात्र खुशाल चालू दे.

प्राणायाम, हलका योग, मळमळीला आले, हे डॉक्टरांना विचारून कर. थकवा, झोप यांत फरक पडू शकतो. गाठ त्याने विरघळत नाही. देवाला नारळ ठेवायचा तर ठेवा की, त्याचा केमोशी तंटा नाही.

'केमो सोडा, आम्ही बरे करतो' म्हणणाऱ्याला उंबऱ्यावरूनच परतव. 2018 मध्ये छापलेल्या अमेरिकी अभ्यासात, न पसरलेल्या कॅन्सरवर नुसते पर्यायी उपचार घेणाऱ्यांत मृत्यूचा धोका नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या अडीच पट दिसला.

पुडीवर नाव नसेल तर देणाऱ्याकडून घटक लिहून घे. लिहून देत नसेल, तर पुडी पिशवीतच राहू दे.